सोंग आणि ढोंग : थट्टेच्या जोडचित्रांविषयी

वारकरी मंडळीत थट्टा चालत नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी दिंडीबरोबर चार मुक्काम कधी केले नसावेत. दिवसभर चालून पाय भरून येतात, कीर्तन आटोपते, आणि मग राहुटीत जो हशा पिकतो तो ऐकण्यासारखा असतो. कोणाचे घोरणे, कोणाची हरवलेली वहाण, कोणी विसाव्याला मागून घेतलेला तिसरा चहा, एवढ्या भांडवलावर अर्धी रात्र निघते. त्या हसण्याने कोणाची माळ तुटत नाही, उलट सकाळी पाय हलके पडतात. तेव्हा थट्टा करावी की न करावी, हा आमचा आजचा प्रश्न नव्हे. दुसऱ्याचे तोंड उसने घेऊन केलेली थट्टा कोठपर्यंत थट्टा राहते आणि कोठून पुढे ती दुसरेच काही होऊन बसते, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

हा प्रश्न आम्ही ग्रंथांत शोधायला गेलो नव्हतो. तो आमच्या दारी चालत आला, आणि खरे सांगायचे तर त्यात आमचाही हात होता. म्हणून आधी घडले ते सांगतो.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले. मामा तलावांच्या पाण्यावर धान पिकवणारा हा मुलूख. आषाढी येते ती नेमकी रोवणीच्या दिवसांत. चिखल करून ठेवलेली बांधी टाकून पंढरीस निघणे साऱ्यांनाच साधत नाही. चार-सहा जण जातात, बाकीचे गावच्या मंदिरात एकादशी करतात. पुढे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आकाशपाळणे, जिलेबीची दुकाने, आणि रात्री दंडार नाही तर खडी गंमत. झाडीपट्टीतला माणूस वर्षभराचे हसू या दिवसांत हसून घेतो म्हणाना.

दोन वर्षांमागे अशाच मंडईच्या दिवसांत हे घडले. आमच्या भजनी मंडळाचे वीणेकरी बाबा सत्तरी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ तरुणपणापासूनची. मंडळाचा पखवाजी मात्र पोरसवदा, बाविशीचा. तो भंडाऱ्यास एका दुकानात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक संगणकावर तयार करतो. हात गोड, पखवाजावरही आणि संगणकावरही. एका रात्री त्याला लहर आली. कोठल्याशा ढाब्यावर खाट टाकून बसलेला एक धिप्पाड माणूस, एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी, असे छायाचित्र त्याने घेतले आणि त्यावर आमच्या बाबांचे मुंडके बसविले. कपाळीचा बुक्का तसाच, गळ्यातली माळ तशीच. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘बाबांनी बारस सोडली!’

ते चित्र मंडळाच्या मोबाइलवर फिरले आणि सारे हसून लोटपोट झाले. आम्हीही हसलो. काकड्याच्या वेळी पोरांनी ते बाबांनाच दाखविले. बाबांनी चष्मा वर केला, मोबाइल जवळ धरला, क्षणभर पाहिले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. म्हणाले, “लेका, तंगडी तरी मोठी द्यायची होती!” झाले. बाबाच हसले, मग विचारायचे काय राहिले? त्याच दिवशी आम्ही ते चित्र नागपूरच्या आमच्या पाहुण्यांस पाठवून दिले. अशी आणखी किती जणांनी किती जणांस पाठविली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

दीडेक महिन्याने बाबांच्या नातीचे लग्न जुळत आले होते. मुलाकडचे लोक तुमसरकडचे, घराणे माळकरी. बोलणी होत आली आणि अडली. त्यांच्या कोणाच्या तरी मोबाइलवर ते चित्र येऊन पोचले होते. वाटेत कोणीतरी खालची अक्षरे कापून टाकली होती. राहिला तो फक्त माळ घातलेला म्हातारा, बाटली आणि तंगडी. त्यांनी भले माणूस म्हणून भांडण केले नाही, मध्यस्थाला एवढेच विचारले, “आजोबा माळकरी आहेत म्हणता, मग हे काय?”

बाबा कोणाला काही बोलले नाहीत. पुढच्या एकादशीस मंदिरात आले, पांडुरंगाच्या पाया पडले, वीणेकडे मात्र गेले नाहीत. टाळ घेऊन खांबाशी बसले. वीणा त्या दिवशी दुसऱ्याच्या गळ्यात पडली. आमच्या मंदिरात इतके शांत भजन आम्ही कधी ऐकले नव्हते.

आता वाचकहो, दोष कोणाचा? पोराचा म्हणावा, तर त्याच्या मनात बाबांविषयी काडीचे किल्मिष नव्हते. अक्षरे कापणाऱ्याचा म्हणावा, तर तो कोण हेच ठाऊक नाही. तुमसरच्या मंडळींचा म्हणावा, तर त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते विचारले. आणि बाबा तर स्वतःच हसले होते. मग हे दुःख आले कोठून? याचा निवाडा करायचा तर ही जोडचित्रे म्हणजे काय प्रकार आहे, तो आधी समजून घेतला पाहिजे.

कोणी म्हणेल, हे या कलियुगातले नवे खूळ. तसे नाही. छायाचित्रण निघून पुरती वीस वर्षे झाली नव्हती तोच जोडचित्र जन्मास आले. इंग्लंडात रेइलँडर नावाचा एक छायाचित्रकार होता, जन्माने स्वीडनचा. त्याने १८५७ साली सुमारे ३० काचांवरची निरनिराळी चित्रे एकत्र जोडून एक मोठे चित्र तयार केले. त्याचा विषय ऐकाल तर नवल वाटेल. एक वृद्ध गुरू दोन तरुणांस संसाराच्या उंबरठ्यावर आणतो. एक तरुण सदाचाराकडे वळतो, दुसरा विलासाकडे. म्हणजे जोडचित्रांतले पहिले नाव घेण्यासारखे चित्र एक नीतिपाठच होता! ते मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. त्यातली माणसे एका वेळी एका जागी कधी उभी राहिली नव्हती, तरी चित्राने कोणास फसविले नाही. हे दृष्टांताचे चित्र आहे हे पाहणाऱ्यास कळत होते.

आपल्याकडेही पाहा. राजस्थानात नाथद्वाऱ्यास श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या यजमानाचे चित्र काढून देण्याची रीत होती. छायाचित्रे आली तेव्हा तेथील चितारी देव आणि देऊळ रंगाने काढीत आणि भक्ताचा चेहरा मात्र छायाचित्रातून कापून त्या रंगीत अंगावर चिकटवीत. पंढरीत आणि इतर यात्रांतही रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेणारी मंडळी आपण पाहिली आहेत. मागे देव, पुढे आपण सहकुटुंब. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानातून डोके बाहेर काढून बसलेला शेतकरी घरी जाऊन ते चित्र भिंतीला लावतो. आपण विमानातून आलो असे तो शेजाऱ्यास सांगत नाही. शेजारीही विचारीत नाही. दोघेही हसतात.

पुढे दादासाहेब फाळके झाले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या गृहस्थांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, छायाचित्रांचा धंदा केला, छापखान्याचे काम केले, आणि मध्यंतरी जादूचे प्रयोगही केले. आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केल्फा’ असे नाव ते त्यासाठी लावीत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारा हा पुरुष जोडचित्रांचा मोठा जाणकार होता. १९१७ च्या त्यांच्या ‘लंका दहन’ या पटात राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच नटाने केली. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. त्यातला वैकुंठगमनाचा देखावा यंत्राच्या युक्तीने साधलेला होता, आणि विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसले की लोक हात जोडीत असे सांगतात. पागनीस हे तुकोबा नव्हेत हे त्या लोकांस ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. ठाऊक असूनही हात जोडले गेले, म्हणून तर त्याला भाव म्हणावयाचे.

तात्पर्य, दोन चित्रे जोडणे यात पाप नाही. पूर्वी ते काम कष्टाचे होते. अंधाऱ्या खोलीत कागदाचा एक भाग झाकून दुसरा छापायचा, किंवा कात्रीने कापून डिंकाने चिकटवायचे आणि सांधा कुंचल्याने भरून काढायचा. १९९० साली फोटोशॉप नावाचे संगणकी साधन बाजारात आले. १९९४ साली त्यात थरांची सोय झाली, म्हणजे काचेच्या तावांसारखी एकावर एक चित्रे ठेवायची आणि हवा तो ताव हवा तसा सरकवायचा. तेव्हापासून हे काम घरबसल्या होऊ लागले. तरी जाणता डोळा सांधा ओळखत असे. तोंडावर उजेड डावीकडून पडलेला आणि अंगावर उजवीकडून, मानेचा रंग एक आणि हाताचा दुसरा, पडायला हवी तेथे सावलीच नाही, अशा खुणा राहतात. आमच्या बाबांच्या चित्रातही त्या होत्या. अंगावर दुपारचे ऊन होते आणि तोंडावर मंदिरातल्या दिव्याचा उजेड. पण तळहाताएवढ्या काचेवर, चालता चालता, कोण पाहतो? आणि आता तर शब्दांनी सांगितले की यंत्र आपणच चित्र बनवून देते, तेथे सांधाच उरत नाही. थोडक्यात, डोळ्याच्या साक्षीवर भिस्त ठेवण्याचे दिवस सरत आले.

आता थट्टेकडे वळू. आपल्या परंपरेत सोंग घेण्यास केवढा मान आहे! नाथमहाराजांनी भारुडांत किती सोंगे आणली. जोशी आला, गोंधळी आला, विंचू चावलेला आला. दंडारीत मिशा काढून, लुगडे नेसून पुरुषच बाईचे काम करीत आले. काल्याच्या दिवशी पेंद्या लंगडतो, बोबडा बोबडे बोलतो, आणि भर मंडपात हशा उठतो. बहुरूपी तर चक्क फौजदार होऊन दारात उभा राहतो, काठी आपटतो, वॉरंट काढले म्हणून दरडावतो, घरातली पोरे आईमागे लपतात. आणि मग? मग तो स्वतःच हसतो, आपले नाव सांगतो, मुजरा करून बिदागी मागतो.

या शेवटच्या मुजऱ्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. बहुरूपी मुजरा न करता, फौजदार म्हणूनच दंड घेऊन निघून गेला असता तर? वेश तोच, काठी तीच, शब्दही तेच. परंतु आपण त्याला बहुरूपी म्हटले नसते, भामटा म्हटले असते. सोंग आणि ढोंग यांत कपड्याचा फरक नाही. सोंग उतरते आणि ढोंग उतरत नाही, एवढाच तो फरक. सोंग घेणारा आपण होऊन ते उतरवितो, आणि ज्याच्यापुढे ते घेतले त्याच्यासमोरच उतरवितो.

ह्या मापाने आमच्या पोराचे चित्र मोजू या. मंदिरात ते सोंगच होते, कारण तेथे प्रत्येकजण बाबांना ओळखत होता. एकादशीस पाण्याच्या घोटाशिवाय दुसरे काही न घेणारा माणूस तंगडी हाती धरून बसला आहे, यातली विसंगती हीच गंमत होती. ज्याला खरे ठाऊक त्यालाच ती कळणार. म्हणजे थट्टेचा पाया खऱ्यावर असतो. गावाबाहेर गेल्यावर तो पाया सुटला. तुमसरच्या माणसाला बाबा ठाऊक नाहीत, मग विसंगती कशाशी? त्याच्यापुढे ते चित्र थट्टा म्हणून उभेच राहू शकत नाही, साक्ष म्हणून उभे राहते. एका अक्षराचा, एका रेघेचा बदल न होता थट्टेची साक्ष झाली, आणि तीही खोटी साक्ष. खालची अक्षरे कापली गेली हे निमित्त. ती राहिली असती तरी परक्या माणसाला त्यांतून एवढेच कळले असते की बाबांनी बारस अशी सोडली.

दुसरा मुद्दा तोंडाचा. बहुरूपी सोंग घेतो ते स्वतःच्या अंगावर. दंडारीतला नट रंग फासतो तो स्वतःच्या गालाला. हसे झाले तर त्याचे होईल, मार पडला तर त्याला पडेल. जोडचित्र करणारा मात्र आपल्या घरी निवांत असतो आणि सोंग दुसऱ्याच्या तोंडावर चढवितो. काल्यातही पाहा, दह्यापोह्यांची किती सरमिसळ! कोणाचा कण कोठला, ओळखू येत नाही. पण गोपाळांनी शिदोऱ्या आपापल्या हातांनी सोडलेल्या असतात. एखाद्याची शिदोरी तो झोपलेला असता पळवून आणून काला केला, तर तो गोड लागेल काय?

“पण बाबा हसले ना?” असे पोराने आम्हांस विचारले, आणि आम्हीही मनाशी तेच म्हणत होतो. यावर आम्ही पुष्कळ विचार केला. चार लोक मोबाइल पुढे धरून, आता म्हातारा काय म्हणतो हे पाहत उभे आहेत. अशा वेळी माणूस हसेल नाही तर काय करील? रागावला तर चिडका ठरेल, गप्प बसला तर लागले म्हणतील. बाबा मनापासून हसले हे आम्ही मानतो. परंतु सगळेच हसणारे मनापासून हसतात असे नाही. पंगतीतल्या दुबळ्याला, नव्या सुनेला, काळ्या-बुटक्या पोराला हसावेच लागते. तेव्हा हसण्याला होकार समजण्याची घाई करू नये. होकार हवा असेल तर तो आधी, एकट्यात, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेवून विचारावा.

येथे कोणी शहाणा म्हणेल, ‘हे तुमचे मंदिरापुरते ठीक. पण मग पुढाऱ्यांची थट्टा करायची ती काय त्यांना विचारून?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. २०१९ च्या मे महिन्यात पश्चिम बंगालात एका कार्यकर्तीस अटक झाली. एका अभिनेत्रीच्या झगमगीत वेशातल्या छायाचित्रावर मुख्यमंत्र्यांचा चेहरा बसविलेले चित्र तिने पसरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने तिला सोडण्याचा हुकूम दिला. त्याआधी २०१५ साली याच न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ कलम रद्द केले होते. त्या खटल्याचे मूळ आपल्या पालघरात, २०१२ साली दोन मुलींना मोबाइल-संगणकावरच्या चार ओळींपायी झालेल्या अटकेत होते. आमचे मत विचाराल तर थट्टेसाठी माणसाला कोठडीत घालणे हे थट्टेहून वाईट. ज्याने सत्ता हाती घेतली त्याने हसूही पदरात घेतले पाहिजे. संतांनी दांभिकांची, मठ माजविणाऱ्यांची टर उडविताना त्यांची परवानगी मागितली नव्हती.

पण त्यातली रीत पाहावी. संतांनी टर उडविली ती वागण्याची. ज्या दंभावर बोट ठेवले तो दंभ खरोखर तेथे होता. पुढाऱ्याने आश्वासने दिली आणि पाळली नाहीत, मग त्याच्या तोंडाला नंदीबैलाची मान लावून ‘गुबुगुबु’ केले, तर ते चित्र खोटे असूनही खरेच बोलते. पण त्याने न केलेले काम त्याच्या हातून झाल्यासारखे दाखविले, किंवा एखाद्या बाईचे तोंड उघड्या अंगावर बसविले, तर ते चित्र विनोदाचे कपडे घालून आलेली चहाडी आहे. पैशुन्य नसणे, म्हणजे चहाडी न करणे, ही गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत गणलेली गोष्ट आहे. आजचा कायदाही येथे मुका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात अब्रूनुकसानी शब्दांनी होते तशीच डोळ्यांस दिसणाऱ्या चित्रांनीही होते असे धरले आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी चार कसोट्या लावल्या आहेत. बोलणे दुसऱ्याचे चित्त ढवळणारे नसावे, खरे असावे, गोड असावे, हिताचे असावे. चित्र हीही वाणीच आहे. उलट शब्दाला निदान भाषा समजणारा लागतो, चित्र अडाण्याशीही बोलते, म्हणून त्याचा भार जास्त. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचा विस्तार केला, त्यात नुसत्या हत्येचा निषेध करून ते थांबले नाहीत. पाऊल टाकताना, बोलताना, हात हालविताना कोणाला लागेल का इथपर्यंत त्यांनी जपायला शिकविले. आज हालणाऱ्या हाताचे बोट एका काचेवर पडते आणि चित्र शंभर घरी जाते. त्या बोटालाही तोच नियम लागू नाही काय?

हे फार ताणले असे कोणास वाटू नये, म्हणून एका दुःखद गोष्टीची आठवण देतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर जगणारी भटकी माणसे, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मंगळवेढे म्हणजे दामाजीपंतांचे, चोखोबांचे, कान्होपात्रेचे गाव, पंढरीच्या वेशीपाशीचे. मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने आलेला मजकूर ‘पुढे पाठविलेला’ आहे अशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतात तो एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये असे केले. ही गोष्ट थट्टेची नव्हती हे आम्ही जाणतो, आणि आमच्या पोराचे चित्र त्या पंक्तीत बसवीत नाही. पण हात तेच होते. न पाहता, न विचारता, ‘आले ते पुढे’ म्हणून धाडणारे हात. त्यांत आमचा एक होता. बाबांचे चित्र तुमसरला नागपूरच्या वाटेने गेले की दुसऱ्या कोणत्या, हे कधीच कळणार नाही. एक वाट आम्ही उघडली होती, एवढे मात्र कळते.

आता पुढचे सांगतो. एका संध्याकाळी पखवाजी पोराला घेऊन आम्ही बाबांच्या घरी गेलो. पोराने पाय धरले. बाबांनी त्याला उठविले, बसविले, आतून चहा आला. मग म्हणाले, “बापू, तुह्यावर माहा राग नाही. मले फक्त येक सांग. ते चित्र आता कोठं कोठं हाये?”

पोरगा म्हणाला, “नाही सांगता येत, बाबा.”

बाबा थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिले. म्हणाले, “देवरात मी होतो, मनून हासलो. सारे समजले का गंमत हाये. आता जेथं जेथं ते गेलं, तेथं मी नाही. मंग मी कोठं कोठं जाऊन हासू?”

आम्ही इतके लिहिले त्या साऱ्याचे सार बाबांच्या त्या एका प्रश्नात आहे असे आम्हांस वाटते. ज्याची थट्टा केली तो समोर असतो, तोवर ती दोघांची असते. त्याला उलट बोलता येते, हसता येते, रागावता येते. तो नाही तेथे तिच्यात त्याचा वाटा उरत नाही, उरते ती नुसती त्याची फजिती.

मंडळातले पाच जण तुमसरला गेले, पोरगा बरोबर होता. त्याने आपल्या तोंडाने सांगितले की हे चित्र माझ्या हातचे, आणि संगणकावर दोन्ही मूळ चित्रे वेगळी करून दाखविली. यजमान समजूतदार निघाले. लग्न माघात लागले. म्हणून सारे भरून आले असे मात्र कोणी समजू नये. ते चित्र अजून कोठे तरी असेल, आणि बाबांच्या माघारी त्यांच्या नातवंडांपुढे कधी येईल हे पांडुरंगाला ठाऊक.

आमच्या मंडळाने यावर काही लेखी नियम केले नाहीत. तोंडी ठरले ते असे. ज्याचे तोंड घ्यायचे त्याला आधी विचारायचे. त्याने न केलेले वाईट काम त्याच्या हाती द्यायचे नाही. चित्र जोडलेले आहे ही खूण कोपऱ्यात न ठेवता तोंडाला लागूनच ठेवायची, म्हणजे कापणाऱ्याला तोंडही कापावे लागेल. आणि मंडळाचे चित्र मंडळाबाहेर धाडायचे नाही. शेवटचा नियम सर्वांत आधी आम्हांलाच लागू झाला. नागपूरच्या पाहुण्यांस आम्ही पत्र लिहून चित्र पुसून टाकण्याची विनंती केली. ‘पुसले’ असे त्यांचे उत्तर आले. त्यांनी ते कोणास पाठविले होते, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

पोराने संगणक सोडला नाही, सोडूही नये. त्यानंतर त्याने एक चित्र केले. काल्याच्या पंगतीत स्वतःला पेंद्याच्या जागी बसविले, नाकाला दही लावले, आणि बाबांना विचारून त्यांचा हात आपल्या कानाला लावला. ते आजही मंदिराच्या कोठीत टांगलेले आहे, आणि येणारा-जाणारा हसतो.

चैत्रात गावी सप्ताह बसला. वीणा पुन्हा बाबांच्या गळ्यात होती. पहाऱ्याच्या पाळ्या बाबाच लावतात. त्या पोराच्या वाट्याला त्यांनी रात्री दोन ते चारचा पहारा दिला, सातही रात्री. पोरगा कुरकुरला, “बाबा, ही तं शिक्षा झाली!” बाबा मिशीत हसले आणि म्हणाले, “शिक्षा काहून? रात्री दोन वाजता तुले चित्रं सुचतात मनून आयकलं होतं.”

असो. मंडपात त्या रात्री जे हसले, त्यांत बाबा होते, पोरगा होता आणि आम्हीही होतो. वीणा खाली ठेवली गेली नाही.